वर्षाचा पास परवडतो का? एक हिशेब



अमेरिकेहून परत येऊन महिना होऊन गेला. घर लावून झालं, डबे भरून झाले आणि चातुर्मासही सुरू झाला. यंदा बस्तीत माताजींसमोर नियम घ्यायला बसले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? डिस्नीलँड! हसू नका. तिथल्या एका पासाने मला नियमाबद्दल जे शिकवलं, ते चाळीस वर्षांच्या संसारात नीट कळलं नव्हतं. म्हणून आज पाककृती बाजूला ठेवते आणि हा हिशेब लिहिते. तुमच्यापैकी कितीतरी जणी लेकीकडे, सुनेकडे जाऊन राहता. असा प्रश्न कधी ना कधी तुमच्याही पुढ्यात येईल.

माझी लेक कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला राहते. डिस्नीलँड तिथून पंधरा मैलांवर, अ‍ॅनाहाइम गावात. १९५५ साली उघडलेलं ते पहिलं डिस्नीलँड, आणि २००१ पासून त्याच्याच शेजारी दुसरं पार्क. मी जानेवारीत, संक्रांत करून गेले. नात सात वर्षांची, दुसरीत. नातू पावणेतीन वर्षांचा. शेजारच्या घरातल्या बाईंकडे डिस्नीलँडचा वर्षाचा पास. त्यांची मुलं संध्याकाळी सहज म्हणून जाऊन येतात, जसे आपण आमराईत फिरून येतो. नात रोज ऐकायची आणि रोज घरी येऊन सांगायची.

फेब्रुवारीतल्या एका रात्री जेवणं उरकल्यावर लेक म्हणाली, "आई, आम्ही पास काढायचा विचार करतोय. तू आहेस तोवर सगळे मिळून जाऊ. एकेका तिकिटापेक्षा खूप स्वस्त पडतं. चौथ्या वेळेला पैसे वसूल!"

मी १९८० ची बी. कॉम. लग्नानंतर आमच्या हळदीच्या अडत दुकानाची वहीखातीही काही वर्षं पाहिली. "पैसे वसूल" हा शब्द कानावर पडला की माझा हात आपोआप कागद-पेनाकडे जातो. म्हटलं, "बघू तरी."

आता आकडे सांगते. हे २०२४ च्या सुरुवातीचे. पासाचे चार प्रकार: ४९९, ८४९, १२४९ आणि १६४९ डॉलरचे. महाग पासाला बंद दिवस कमी, स्वस्त पासाला जास्त. ४९९ वाला फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनाच मिळायचा. त्यात बहुतेक शनिवार-रविवार बंद, सणासुदीचे दिवस बंद आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतलाही बराच काळ बंद. पास असला तरी उठून जाता येत नाही, आधी दिवस नोंदवावा लागतो. नोंदवून तीन वेळा गेला नाहीत, तर पुढे महिनाभर नवी नोंदणी करता येत नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही. पण तीन पूर्ण झाली की पासाला लहान-मोठं असा भेद नाही, सात वर्षांच्या मुलीलाही बापाइतकाच भाव. गाडी लावायचे तेव्हा दिवसाला ३५ डॉलर होते, आणि स्वस्त पासात ते फुकट नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या लोकांना बिनव्याजी हप्तेही मिळतात. म्हणजे महिन्याचा आकडा छोटा दिसतो आणि वर्षाचा आकडा डोळ्यांआड होतो.

एका दिवसाचं साधं तिकीट तेव्हा दिवस पाहून १०४ पासून १९४ डॉलरपर्यंत होतं. मधला १३४ चा भाव धरला, तर ४९९ चा पास चौथ्या फेरीला वसूल. लेकीचं गणित बरोबर होतं.

पण कॉमर्सवाल्यांना पहिला प्रश्न पडतो तो हा, की तुलना कशाशी? त्याच दिवसांत तिथल्या रहिवाशांसाठी तीन दिवसांचं सवलतीचं तिकीट होतं, २२५ डॉलरला. सोमवार ते गुरुवार, जूनच्या सुरुवातीपर्यंत कधीही तीन दिवस, सलगच हवेत असं नाही. दिवसाला ७५ डॉलर. आता ४९९ ला ७५ ने भागा. पास चौथ्या नाही, सातव्या फेरीला वसूल होतो. पास तोच आणि पैसेही तेच. नुसतं शेजारी दुसरं तिकीट ठेवलं आणि ना नफा ना तोट्याची रेघ तीन फेऱ्या पुढे सरकली.

मग लेक, जावई आणि नात अशा तिघांचे पास मांडले. १४९७ डॉलर. तेव्हाच्या भावाने सव्वा लाख रुपये. नातवाला मे महिन्यात तीन पूर्ण होणार होती, त्याचा धरला तर १९९६. लेक म्हणाली, "आई, रुपयांत नको मोजूस. आम्ही कमावतो डॉलरमध्ये." बरोबर आहे तिचं. सासरी-माहेरी गेल्यावर तिथल्याच मापाने मोजावं. मी रुपये खोडले.

आणि मग आला माझा स्वतःचा रकाना. मी सहा महिन्यांची पाहुणी. तिथली रहिवासी नाही. म्हणजे ४९९ चा पास मला मिळणारच नव्हता, आणि ते सवलतीचं तिकीटही नाही. ज्येष्ठ नागरिक म्हणूनही काही सूट नाही. प्रत्येक वेळी मला सरळ तिकीट, साधारण १३४. सात वेळा गेलो, तर एकट्या आजीचे ९३८ डॉलर! "तू आहेस तोवर सगळे मिळून जाऊ" म्हणून पास काढायचा, आणि त्या पासात बसत नव्हती ती मीच. जावई हसून म्हणाले, "आई, हे तर वरातीला बस ठरवली आणि नवरीलाच जागा नाही, असं झालं."

रात्री सांगलीला फोन लावला. तिकडे सकाळ. आमचे हे दुकानाला निघण्याच्या घाईत. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सोपं आहे. वर्षाचे पैसे आधी घेणारा माणूस हिशेबात कच्चा नसतो. त्याला दोन गोष्टी ठाऊक असतात. पैसे भरणारा ठरवतो तितक्या वेळा येत नाही. आणि आला, की फुकट आलोय असं समजून आत खर्च करतो." पस्तीस वर्षं मार्केट यार्डात बसलेल्या माणसाने दोन वाक्यांत सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी लेकीने फ्रिजवरचं कॅलेंडर काढलं. मी म्हटलं, "परवडतं की नाही हे नंतर. आधी दिवस मोजू." लाल पेनाने पासाचे बंद दिवस खोडले. निळ्याने शाळेचे दिवस. स्वस्त पास चालतो तो मुख्यतः शाळेच्या दिवशी, आणि आपली मुलगी तर शाळेत! मग हिरव्याने पाठशाळेचे रविवार. बुएना पार्कला जैन सेंटर आहे, मोठं, देखणं. श्वेतांबर-दिगंबर एकाच छपराखाली. रविवारी मुलांची पाठशाळा भरते, आणि नात तिथे णमोकार मंत्राच्या पुढे जाऊन चोवीस तीर्थंकरांची नावं-लांछनं शिकायला लागली होती. मग दशलक्षणाचे दहा दिवस. मग जावयांच्या ऑफिसचे परगावचे दौरे. सगळं खोडून झाल्यावर पूर्ण दिवसाचे असे नऊ दिवस उरले.

त्यात कुणाला ताप येणार, कुणाचा वाढदिवस निघणार. मी विचारलं, "गेल्या वर्षी तुम्ही चौघं मिळून दिवसभरासाठी किती वेळा बाहेर पडलात?" लेकीने कार्डाची बिलं काढून पाहिली. पाच वेळा.

पाच हा सातापेक्षा लहान आहे. मी पेनाचं टोपण लावलं. माझ्या मते हिशेब संपला होता.

लेकीने एक मुद्दा काढला, तो मात्र मला पटला. ती म्हणाली, "आई, तिकीट काढून गेलं की सकाळपासून रात्रीपर्यंत पळापळ होते. पैसे दिलेत ना! पास असला की दोन तास जायचं, एक पाळणा, थोडं फिरायचं, परत. जिवाला घोर नाही." खरं आहे. शेजारच्या बाई तेच करतात. पण त्यांची मुलं अजून शाळेत जात नाहीत आणि त्या स्वतः घरी असतात. त्यांच्यासाठी तो पास अगदी योग्य, मी हिशेब केला असता तर त्यांना "घ्याच" म्हटलं असतं. आमच्याकडे लेक साडेपाचला कामावरून येते. त्यानंतर पंधरा मैल गर्दीतून जायचं, गाडी लावायची आणि सूर्यास्ताच्या आत जेवण आटपायचं, हे जमणार होतं का?

मी हे सगळं बोलून दाखवलं. चांगलं समजावून, एकेक आकडा पुढे ठेवत. लेक ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "एस्सेलवर्ल्डच्या वेळीही तू असाच कागद काढला होतास."

आणि उठून आत गेली.

मैत्रिणींनो, तीस वर्षं झाली असतील. १९९३ चा उन्हाळा. लेक दहा वर्षांची. मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडून तीन-चार वर्षं झाली होती. टीव्हीवर त्याची जाहिरात लागायची आणि गल्लीतल्या प्रत्येक पोराला ती पाठ होती. लेकीने हट्ट धरला. मी खरंच कागद काढला होता. महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं, मुलुंडला नणंदेकडे उतरणं, तिथे रिकाम्या हाताने जाता येत नाही म्हणून साडी आणि खाऊ, मग लोकल, मग होडी, मग आतली तिकिटं. त्याच महिन्यात घराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब पडायचा होता. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी हळदीचे भाव पडले. त्याच्या पुढच्या वर्षी तिने विचारलंच नाही. मी समजले, पोरगी शहाणी झाली.

ते एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंदही झालं. आम्ही गेलो नाही ते नाहीच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा तेव्हाचा हिशेब चुकीचा नव्हता. स्लॅब महत्त्वाचा होता, त्याच छपराखाली ती शिकली. पण मी कागदावर सगळा खर्च लिहिला होता आणि दुसरी बाजू कोरी सोडली होती. जमा-खर्चाच्या वहीला दोन बाजू असतात हे मी कॉलेजात शिकले होते. लेकीच्या बाबतीत मी एकाच बाजूची वही ठेवली.

पहाटे सामायिकाला बसले तरी मन तिथेच. उठून रत्नकरंड श्रावकाचार काढला, तो मी प्रवासातही बरोबर ठेवते. समंतभद्र आचार्यांनी गृहस्थाच्या व्रतांत भोगोपभोग परिमाण सांगितलं आहे. एकदा वापरलं की संपतं तो भोग, जसं जेवण. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसं वस्त्र. किती वेळा वाचलंय, पण त्या पहाटे एकदम चमकलं. अगं, तिकीट म्हणजे भोग, आणि पास म्हणजे उपभोग! त्या कंपनीने काय केलं, तर एका दिवसात संपणारी गोष्ट कपाटात ठेवायची वस्तू करून दिली. आणि कपाटात ठेवलेली वस्तू वापरली नाही की ती आपल्याला टोचते. रेशमी साडी घडीवर विरते तेव्हा टोचते तशी. मग पास वाया जाऊ नये म्हणून आपण जातो. तिथे इच्छा हाकत नसते, भरलेले पैसे हाकतात. कॉमर्समध्ये त्याला बुडीत खर्च म्हणतात. गेलेले पैसे पुढच्या निर्णयात धरू नयेत, हा पहिला धडा. पण वर्षाचा पास चालतो तोच मुळी आपण तो धडा विसरण्यावर.

आचार्यांनी पुढे यम आणि नियम असा फरक सांगितला आहे. जन्मभराचा तो यम, ठरावीक काळाचा तो नियम. एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन. अयन म्हणजे सहा महिने. माझा मुक्कामही नेमका तेवढाच! बंद दिवसांचं कॅलेंडर आपल्याकडेही आहेच की. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही, चातुर्मासात अमुक नाही. फरक एवढाच, की पासाचे बंद दिवस दुसऱ्याने त्याच्या फायद्यासाठी ठरवलेले, आणि आपले आपण ठरवलेले. पासात आधी पैसे भरतात आणि मग किती वेळा जाता येईल ते पाहतात. नियमात आधी किती ते ठरतं, मग उरलेलं.

आणि परिमाण म्हणजे शून्य नव्हे. हे मला तीस वर्षं कळलं नव्हतं. मी "नको" म्हणण्यालाच संयम समजत आले. परिमाण म्हणजे माप. माप ठरवलं की त्या मापापुरतं मोकळ्या मनाने घ्यावं, कुरकुर न करता.

सकाळी लेकीला चहा दिला आणि विचारलं, "पास नाही, तिकीट नाही. आधी सांग, वर्षात किती वेळा गेलं तर तुझं मन भरेल? नातीचं नाही, तुझं."

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "तीन वेळा. आणि त्यात एकदा तू हवीस. अख्खा दिवस. कागद न काढता."

झालं. परिमाण ठरलं, तीन. मग तिकीट आपोआप ठरलं. २२५ चं, तिघांना, ६७५ डॉलर. पासापेक्षा ८२२ कमी. माझं १३४ चं मी माझ्या पैशातून काढलं, ह्यांना फोन करून सांगितलं की अकरा हजार खर्च केलेत आणि मी त्याची कुठेही नोंद ठेवणार नाही. ते म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

मध्ये जावयांनी आणखी एक पर्याय आणला होता. जैन सेंटरच्याच गावात, बुएना पार्कला, नॉट्स बेरी फार्म म्हणून दुसरं पार्क आहे. त्याचा वर्षाचा पास डिस्नीपेक्षा बराच स्वस्त. वॉल्टर नॉट नावाच्या शेतकऱ्याचं ते बेरीच्या जातीच्या फळांचं शेत. बॉयझनबेरी हे फळ त्यानेच बाजारात आणलं. पुढे १९३४ मध्ये त्याच्या बायकोने कोंबडीची जेवणं घालायला सुरुवात केली, खाणाऱ्यांच्या रांगा लागल्या, आणि रांगेतल्या लोकांच्या करमणुकीतून हळूहळू पार्क उभं राहिलं. बाईच्या हिमतीचं कौतुक वाटलं, कोंबड्यांचं वाईटही वाटलं. जावई म्हणाले, "पाठशाळा सुटली की पाच मिनिटांत तिथे. पार्किंगची एकच फेरी." सोय उत्तम. पण मला वाटलं, मग नात दर रविवारी पाठशाळेत बसून घड्याळाकडे बघेल. णमोकार म्हणताना डोळ्यांपुढे पाळणा. मी तसं म्हटलं आणि जावयांनी लगेच मान्य केलं. माझं ऐकलं म्हणून नव्हे, ते म्हणाले, "मी स्वतःच घड्याळाकडे बघेन."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नातीच्या शाळेला सुट्टी होती. आम्ही मंगळवार नोंदवला. आदल्या दिवशी मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, बिनलसणाचं भडंग, गोडाच्या पुऱ्या. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा: तिथे घरचं खाणं आत नेऊ देतात, फक्त काचेची बरणी नको. आपल्यासारख्यांना याहून मोठी सोय नाही. कंदमुळं नाहीत, अंडं नाही असं शोधत बसण्यापेक्षा दशमी उलगडली की काम झालं. पाच माणसांच्या दोन वेळच्या खाण्याचे पैसे वाचले ते वेगळेच.

गर्दी मिरजेच्या उरुसासारखी. नातवाला आणि मला लहान मुलांच्या बोटीत बसवलं. सगळ्या देशांच्या बाहुल्या गात-नाचत असतात आणि बोट मधून जाते. १९६४ च्या न्यू यॉर्कच्या जागतिक जत्रेसाठी ती केली होती, दोन वर्षांनी इथे आणली. नातू तोंड उघडं टाकून बघत होता. मग वाफेच्या गाडीने पार्कभोवती फेरी मारली. ती गाडी मला सगळ्यात आवडली; एका जागी बसून सगळं दिसतं.

दुपारी डोंगरातून धडधडत जाणारी खाणीची गाडी आली. चाळीस इंचांखालच्या मुलांना घेत नाहीत, म्हणून मी नातवाला घेऊन बाहेर बाकावर बसले. लेक आणि नात आत गेल्या. तासभराने परत आल्या. नातीला पुरे झालं होतं, तिला पाणी आणि पुरी हवी होती. आणि माझी एक्केचाळीस वर्षांची लेक, केस विस्कटलेले, गाल लाल, माझा हात धरून म्हणाली, "आई, मी परत एकदा जाऊ?"

दहा वर्षांच्या मुलीचा आवाज होता तो. मी ओळखला.

"जा," मी म्हटलं. "आम्ही बसतो इथे."

रांगेत आणखी एक तास गेला असेल. मी घड्याळ बघितलं नाही. नात माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, नातू भडंगातले शेंगदाणे वेचत बसला. साडेसहाच्या आत जेवणं आटपली. रात्रीच्या आतषबाजीला थांबायचं की नाही, यावर मी मनात भाषण तयार ठेवलं होतं. जिवाणूंची हिंसा, दिवाळीला आपण काय करतो, वगैरे. पण आठच्या आत दोन्ही मुलं गाडीत गाढ झोपली होती, त्यामुळे भाषण वाचलं.

दुसऱ्या खेपेला मे महिन्यात ते चौघेच गेले. मी घरी राहून लोणचं घातलं. आणि तिसरा दिवस? तो वाया गेला. नातवाला ताप आला, मग नातीच्या शाळेचं स्नेहसंमेलन निघालं, आणि जून उजाडून तिकिटाची मुदत संपली. तीनातले दोनच झाले. हे मी मुद्दाम लिहिते. इतका विचार करून, तीन म्हणून ठरवूनही आम्हाला तीन जमले नाहीत. सातांचं काय झालं असतं?

लेक म्हणाली, "गेले की पंचाहत्तर गुणिले तीन." मी म्हटलं, "बुडीत खर्च. सोड." दोघी हसलो.

तर मैत्रिणींनो, लेकीने किंवा सुनेने पासाचा विषय काढला तर लगेच हो किंवा नको म्हणू नका. डिस्नीचा असो, जलतरण तलावाचा असो की जिमचा, कागद जरूर काढा, पण या क्रमाने. आधी कॅलेंडर घ्या आणि बंद दिवस, शाळा, पाठशाळा, सणवार खोडून खरोखर किती दिवस उरतात ते मोजा. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती वेळा बाहेर पडलात, ते बिलांवरून बघा, इच्छेवरून नको. तुलना सगळ्यात महाग तिकिटाशी न करता सगळ्यात स्वस्त पर्यायाशी करा. कोणाला पास लागू होत नाही ते बघा, बहुधा ती आजीच निघेल. आणि हे सगळं झाल्यावर पेन खाली ठेवून विचारा, की हे नेमकं कोणाला हवं आहे, आणि कधीपासून?

हा शेवटचा प्रश्न मी तीस वर्षं उशिरा विचारला. तुम्ही उशीर करू नका.

यंदाच्या चातुर्मासात मी नेहमीचे नियम घेतलेच. एक नवाही घेतला. चार महिने कोणी काही मागितलं तर आधी "किती?" असं विचारायचं, "कशाला?" असं नाही. माताजी हसल्या, पण नियम दिला. आतापर्यंत दोनदा मोडता मोडता वाचलाय.

जय जिनेंद्र.